घोड्याची त्वचा आणि तिची निगा : प्रस्तावना

मराठी भाषेत घोड्याविषयी लिहिले गेले नाही असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना ज्या समाजाच्या दोन शतकांच्या इतिहासाचा मोठा भाग घोड्याच्या पाठीवरून घडला, त्याच्या बखरींत, पत्रव्यवहारात, पोवाड्यांत आणि पागेच्या हिशेबांत घोडा पानोपानी भेटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु या सर्व लिखाणातला घोडा बहुधा धावणारा, झुंजणारा, नजर केला जाणारा किंवा पाडाव झालेला घोडा आहे. मोहीम आटोपून थाणावर बांधलेला, घामाचे मीठ अंगावर वाळलेला, पाठीवरचे खोगीर उतरताच कातडी थरथरवून माशा उडवणारा जो घोडा मोतद्दाराच्या वाट्याला येतो, त्याच्यापाशी आपली लेखणी फारशी थांबलेली नाही. प्रस्तुत पुस्तक त्या दुसऱ्या घोड्याविषयी आहे, आणि तेही त्याच्या त्वचेविषयी व तिच्यावरील केसांविषयी. विषयाची ही मर्यादा पाहून एखादा वाचक नाक मुरडणार असेल, तर त्याने निदान ही प्रस्तावना संपेपर्यंत तरी निर्णय राखून ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.

घोड्याचे अंग निरखण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या संहिता, नकुलाचे म्हणून ओळखले जाणारे अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक आणि कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात रचलेला मानसोल्लास यांतून घोड्याचे रंग, भोवरे व शुभाशुभ लक्षणे यांचा जो विस्तार आला आहे, तो पाहिला म्हणजे आपल्या पूर्वजांनी घोड्याच्या अंगावरचा केस न् केस नजरेखालून घातला होता याविषयी शंका उरत नाही. ती नजर आजही गेलेली नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला, किंवा नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगावला घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथे मुरलेले गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहण्याआधी त्याच्याभोवती एक संथ फेरी घालते. देवमण कोठे आहे, गोम कोणत्या बाजूला वळली आहे, पंचकल्याणी म्हणून पुढे केलेल्या घोड्याचे चारी पाय खरोखर पांढरे आहेत की त्यांतल्या एखाद्याला चुन्याचा आधार आहे, हे सारे ते मुकाट्याने पाहून घेते. या लक्षणविद्येची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही, कारण तिने निदान पाहण्याची सवय तरी लावली. खंत इतकीच की, भोवऱ्याची दिशा ओळखणारी ती तरबेज नजर त्याच भोवऱ्याच्या मुळाशी साचलेला कोंडा, तुटलेल्या केसांचे वर्तुळ किंवा कातडीखाली बोटाला लागणारी बारीक गाठ यांवरून सरळ पुढे निघून जाते; मालकाचे भाग्य या कातडीवर लिहिलेले आहे असे मानणाऱ्याला खुद्द घोड्याची प्रकृतीही तेथेच लिहिलेली असते, हे सुचत नाही.

या पुस्तकाचा सारा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. अंगावरची तकाकी चाऱ्यातून आत तयार होते आणि मोतद्दाराच्या हाताने ती रोज वर आणावी लागते. डबीतून काढून ती फासता येत नाही. केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीतून जो स्निग्ध अंश पाझरतो, तो केसाच्या पृष्ठभागावर सारखा पसरला आणि केस अंगाला चपटून एका दिशेने बसला, म्हणजे त्यावर पडलेला प्रकाश एकसारखा परत फिरतो व आपण घोड्याला तजेला आला असे म्हणतो. केस हा तर जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचा बनलेला. प्रथिने, तांबे किंवा जस्त यांची शरीरात चणचण पडू लागली, म्हणजे शरीर प्रथम हृदयाची, रक्ताची व अत्यावश्यक इंद्रियांची तजवीज करते आणि काटकसरीचा पहिला हुकूम त्वचेवर बजावते. म्हणूनच जंतांनी पोखरलेला, दाढांना धार आल्यामुळे चारा नीट चावू न शकणारा किंवा आत ताप मुरलेला घोडा इतर लक्षणे स्पष्ट होण्याच्या पुष्कळ आधी राठ दिसू लागतो; त्याचे केस उभे राहतात, हात फिरवला तर ते वळत नाहीत, आणि कुमैत घोड्याचा रंग धुळीने झाकल्यासारखा मंद होतो. ज्या ‘सर्रा’ रोगाचा सूक्ष्म परोपजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधून काढला, त्या रोगातही घोडा चाऱ्यावर असूनही खंगत जातो, ताप येऊन-जाऊन राहतो, पाय सुजतात आणि अंगाची रया जाते. अशा घोड्याला कितीही घासले तरी काय उपयोग, त्याला रक्ततपासणीची गरज असते. वयोवृद्ध घोड्याच्या अंगावर हंगाम उलटून गेल्यावरही लांब, कुरळे केस टिकून राहिले, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीत बिघाड झाला असावा असा संशय घेतला पाहिजे. केस गळण्याचा व नवे येण्याचा जो नित्यक्रम आहे, त्याची सूत्रे थंडीपेक्षाही दिवसाच्या लांबीकडे असतात. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम सव्वादोन तासांचे अंतर असल्यामुळे हा पालट आपल्याकडे सौम्य होतो, झांस्कर किंवा स्पितीच्या घोड्यासारखा तो डोळ्यांत भरत नाही. आणि म्हणूनच तो बिघडला तर आपल्या लवकर ध्यानातही येत नाही.

पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण खराऱ्याला दिले आहे. हे काम इतके रोजचे आहे की त्यात शिकण्यासारखे काही असेल असे पागेच्या मालकाला वाटत नाही, आणि ज्याला ते खरोखर येते तो मोतद्दार बहुधा लिहिणारा नसतो. त्यामुळे बापाकडून मुलाकडे हातानेच गेलेली ही विद्या टांगे बंद पडले, पागा मोडल्या, तसतशी झपाट्याने लोपत चालली आहे. घोड्याला फिरवून आणल्यावर, अंगात ऊब आहे पण घाम वाळला आहे अशा वेळी हे काम आरंभावे, कारण त्या उबेने कातडीवरचा कोंडा सुटा झालेला असतो. डाव्या बाजूने, कानामागून सुरुवात करून, दात्यांचा खरारा मानेवर, खांद्यावर, बरगड्यांवर आणि पुठ्ठ्यावर गोल गोल फिरवत न्यावा. जोर मनगटाचा नसावा, स्वतःचे वजन खांद्यातून उतरवून द्यावे. जेथे कातडीखाली मांस आहे तेवढाच खराऱ्याचा मुलूख. कणा, गुडघे, नळ्या आणि चेहरा येथे लोखंड कधीही लागता कामा नये. तेथे मऊ ब्रश किंवा नुसता हात. मग केसांच्या दिशेने ब्रशचे लांब फटकारे, आणि दर थोड्या फटकाऱ्यांनी ब्रश खराऱ्यावर घासून मोकळा करणे. खरारा जमिनीवर आपटला म्हणजे करड्या कोंड्याची एक रेघ उमटते. त्या रेघा फिक्या होत होत नाहीशा झाल्या की ती बाजू झाली असे समजावे. त्यानंतर गवताची घट्ट वळलेली ओलसर गुंडी घेऊन मानेच्या व पुठ्ठ्याच्या स्नायूंवर तालात थापट्या मारीत जी मालिश होते, तिने रक्ताभिसरण वाढते, तेलग्रंथी पाझरतात, स्नायू घट्ट होतात, आणि घोडा खालचा ओठ सैल सोडून डोळे अर्धवट मिटून उभा राहतो. आयाळ व शेपूट यांच्यातला गुंता बोटांनी सोडवावा. दात्यांच्या कंगव्याने ओढून काढलेला शेपटीचा लांब केस पूर्ववत व्हायला वर्षे लागतात. डोळ्यांचे कोपरे व नाकपुड्या यांसाठी एक ओला फडका आणि शेपटीखालच्या भागासाठी दुसरा, आणि या दोहोंची अदलाबदल कधीही होऊ नये. नराच्या शिश्नावरील आवरणात साचणारा चिकट मळ वेळोवेळी काढावा लागतो, ही गोष्ट ग्रंथकर्त्यांनी संकोच न करता स्पष्ट लिहिली याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. लाजेखातर ती गाळली जाते आणि सोसावे मात्र जनावराला लागते.

या साऱ्या खटाटोपात अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो केवळ झळाळीसाठी घालवायचा असता तर मी स्वतः त्याची तरफदारी केली नसती. खराऱ्याचे खरे मोल असे की, त्या वेळात घोड्याच्या अंगावरील वीतभर जागाही माणसाच्या हाताखालून गेल्याशिवाय राहत नाही. काल नव्हती ती गाठ आज बोटाला लागते, एका पायाची नळी दुसरीपेक्षा गरम वाटते, पाठीवर विशिष्ट ठिकाणी हात पडताच घोडा कान मागे टाकतो किंवा अंग चोरतो. ही सारी बातमी वैद्याच्या आधी मोतद्दाराला कळते. ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर जो छोटासा ग्रंथ लिहिला, त्यातही घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कोणतेही हत्यार न चालवता नुसत्या हाताने, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने चोळावे, आणि पाय रोज धुवत बसू नयेत कारण त्याने खुरांचे नुकसान होते, अशी सूचना आहे. तेवीस शतकांनंतर पशुवैद्यकाला या सूचनेत फारसे काही बदलावे लागलेले नाही. आपल्याकडे विराटाच्या घरी अज्ञातवासात राहताना नकुलाने ग्रंथिक हे नाव घेऊन घोड्यांची चाकरी पत्करली, तेव्हा महाभारतकारांना ते काम राजपुत्राला कमीपणा आणणारे वाटले नाही. आमच्या काळात मात्र मोतद्दाराची तैनात ही पागेच्या खर्चातली सर्वांत आधी छाटली जाणारी बाब असते, आणि मग तोच मालक त्वचेच्या औषधांवर तिच्या कितीतरी पट पैसे खर्च करतो.

स्नानाच्या प्रकरणात ग्रंथकर्त्यांनी पुष्कळ गैरसमज दूर केले आहेत. घोडा हा घाम गाळून अंग थंड ठेवणारा प्राणी आहे. कडक उन्हात, कडक मेहनतीत तो तासाला दहा लिटरांहून अधिक घाम गाळू शकतो, आणि हा घाम त्याच्या रक्तापेक्षाही खारट असतो. त्यात साबणासारखा फेस करणारे एक विशिष्ट प्रथिन असल्यामुळे तो दाट केसांतून पाझरून पृष्ठभागावर पसरतो व लवकर उडून जातो. लगामाच्या दोरीखाली आणि मांड्यांच्या मध्ये जो पांढरा फेस दिसतो तो याचाच. हे मीठ खोगिराखाली वाळून राहिले तर केस तुटतात, कातडीला खाज सुटते व घोडा खांबाला अंग घासून जखम करून घेतो, म्हणून घामाने भिजलेले अंग साध्या पाण्याने धुणे केव्हाही इष्ट. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले तर तो आखडतो ही समजूत आपल्या टांगेवाल्यांत, आणि त्यांच्याच काय, मोठमोठ्या पागांतही, इतकी दृढ होती की तिला कोणी हरकत घेत नसे. परंतु १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिक सामने उन्हाळ्याच्या दमट हवेत व्हायचे होते, त्या निमित्ताने जे संशोधन झाले त्यातून भरपूर गार पाणी ओतून घोडा थंड करणे सुरक्षित व हितकारक असल्याचे सिद्ध झाले. साबणाची गोष्ट निराळी. माणसाच्या डोक्यासाठी केलेले शांपू दर आठवड्याला घोड्याच्या अंगावर ओतले, म्हणजे तेलग्रंथींनी महिनाभर खपून पुरवलेला स्निग्ध थर क्षणात धुऊन जातो आणि उरतो तो कोरडा, कोंडा सुटणारा, पावसाला व जंतूंना उघडा पडलेला देह. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या नुकऱ्या घोड्यांची अवस्था मी विशेषेकरून मनात ठेवून हे लिहीत आहे. त्यांचे पांढरेपण टिकवण्यासाठी त्यांना सतत साबण लागतो, त्यांच्या गुलाबी कातडीला उन्हापासून संरक्षण देणारा रंग निसर्गानेच कमी दिलेला असतो, आणि नाकाड्यावर उन्हाने सोलवटलेली जागा जरीच्या मोहरक्याखाली झाकली जाते.

ज्याला घामच येत नाही असाही घोडा असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. इंग्रजी अमलात शर्यतींसाठी विलायतेहून आणलेले उत्तम जातीचे घोडे मुंबई, कलकत्ता यांसारख्या उष्ण व दमट बंदरांत काही काळ राहिले, म्हणजे त्यांतल्या काहींच्या घामग्रंथी काम करीनाशा होत. अंग कोरडे, श्वास जलद, ताप चढता, कपाळावरचे केस विरळ, आणि शर्यतीची उमेद संपलेली. थंड हवेत नेऊन ठेवणे हाच त्यावर खात्रीचा उपाय होता आणि आजही बव्हंशी तोच आहे. पश्चिम भारतातील शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला, ही व्यवस्था कोणत्या सबबीने पडली असेल ती असो, घोड्याच्या त्वचेला ती मानवते यात संशय नाही.

पण आपल्या मुलखात घोड्याच्या कातडीची खरी परीक्षा घेतो तो पावसाळा. शिवकालीन लष्कराची व्यवस्था सांगताना सभासदाने पंचवीस बारगिरांमागे एक पखाल आणि एक नालबंद यांचा उल्लेख जसा केला आहे, तसाच पावसाळ्यात छावणीला आलेल्या लष्करासाठी दाणा, रतीब व औषधे आधीच तयार असावीत, आणि घरे गवताने शाकारून ठेवावीत, असेही नमूद केले आहे. यातल्या शाकारलेल्या छपराकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण चंदीइतकीच किंमत त्या छपराला आहे. ओल्या अंगावर दिवसेंदिवस ओली झूल राहिली, किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर सतत कोसळणाऱ्या सरींत घोडा उघड्यावर उभा राहिला, म्हणजे कातडीचे वरचे आवरण फुगून मऊ पडते आणि डर्मॅटोफिलस नावाचा जीवाणू त्यात शिरकाव करतो. मग पाठीवर, पुठ्ठ्यावर केसांचे झुबके एकत्र चिकटून त्यांच्या खपल्या बनतात. खपली उचलली तर केसांसकट, कुंचल्याच्या आकारात, निघून येते व खाली गुलाबी ओली जागा दिसते. चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुरामागच्या खळगीत हाच प्रकार भेगांच्या रूपाने होतो. यावर औषधे आहेत आणि पुस्तकात ती तपशिलाने दिली आहेत. परंतु कोरडी जागा, कोरडे अंग आणि रोज उचललेली लीद एवढी तजवीज झाली नाही तर ती सारी व्यर्थ जातात. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे मोटारींना मज्जाव असल्यामुळे घोडा अजूनही खरोखरीचे वाहन आहे, उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ केसांच्या मुळाशी बसते आणि पहिल्या पावसात तिचाच चिखल होतो. तेथील घोडेवाल्याला खराऱ्याची महती पुस्तकातून सांगावी लागत नाही, त्याला सांगावे लागते ते असे की भिजलेल्या, मातीने भरलेल्या अंगावर खरारा चालवू नये, कारण मातीचे कण त्या मऊ पडलेल्या कातडीला ओरखडतात. आधी वाळू द्यावे, मग हात लावावा.

पावसाबरोबर कीटक येतात. गोमाशी, गोचीड, उवा यांना सर्वजण ओळखतात. परंतु चिलटांहूनही लहान अशा क्युलिकॉइडीस माशीच्या चावण्याने काही घोड्यांना जी असह्य खाज सुटते, आणि जिच्यामुळे ते आयाळीचे व शेपटीच्या बुडाचे केस खांबावर घासून टक्कल पाडून घेतात, तिचे कारण बहुतेकांना ठाऊक नसते. ही माशी सांजसकाळी उडते व तिला वारा सोसत नाही. त्या दोन वेळी घोडा आत घेणे आणि पंखा लावणे हा लेपांपेक्षा स्वस्त व सरस उपाय. पुढच्या पायांच्या केसांना चिकटलेली बारीक पिवळट अंडी दिसली तर ती पोटमाशीची समजावीत. घोडा ती चाटतो, आणि अळ्या जठरात जाऊन महिनोन्‌महिने तेथे मुक्काम करतात. व्रणावर हॅब्रोनेमाच्या अळ्या पडल्या म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्यात जी बरी न होणारी, दाणेदार जखम चिघळत राहते, तिला जुने पशुवैद्य ‘बरसाती’ म्हणत, कारण थंडी पडली की ती आपोआप आवळत असे. खरूज व गजकर्ण हे दोन्ही घोड्याकडून घोड्याकडे खरारा, झूल व खोगीर यांच्यामार्फत जातात, आणि माणसालाही लागू शकतात. सर्वांत भयंकर तो ग्लँडर्स, ज्याच्या त्वचेवरील प्रकारात पायाच्या आतल्या बाजूने रसवाहिन्यांच्या ओळीने गाठी येतात, फुटतात व त्यांतून चिकट पू वाहतो. तो माणसालाही मारतो. त्याच्याविरुद्ध १८९९ सालीच आपल्या देशात स्वतंत्र कायदा झाला होता, आणि निदान पक्के झाल्यावर जनावर मारून टाकणे एवढाच मार्ग कायदा आजही ठेवतो. गाठींची अशी ओळ दिसली तर घरगुती इलाज न करता त्याच दिवशी सरकारी पशुवैद्याला वर्दी द्यावी. येथे विलंब हा अपराध आहे, दोन्ही अर्थांनी.

इतके सारे शत्रू बाहेरचे. पाठ लागणे हा मात्र निखालस आपला गुन्हा. मराठी फौजांच्या वेगाचे रहस्य भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांतल्या काटक भीमथडी तट्टांत होते असे आपण अभिमानाने सांगतो, आणि अलीकडे या तट्टांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मजल दरमजल करणाऱ्या कोणत्याही फौजेचा घोडा शत्रूच्या भाल्याइतकाच स्वतःच्या खोगिरानेही निकामी होतो. खोगीर कण्यावर टेकले, त्याखालचा नमदा घामाने कडक झाला, घड्या पडल्या, खडा अडकला, किंवा तंग सरकून काखेच्या कातडीला चिमटा बसला, म्हणजे दाबाखालच्या कातडीचे रक्त तुटते. प्रथम तेथे केस घासलेले दिसतात, मग सूज, मग फोड, मग उघडी जखम. ती बरी झाली तरी केसांच्या मुळांतल्या रंगपेशी कायमच्या मरतात, आणि कुमैत किंवा मुश्की घोड्याच्या पाठीवर उगवलेले पांढऱ्या केसांचे ठिपके त्याच्या साऱ्या पूर्वीच्या मालकांची साक्ष देत राहतात. खोगीर उतरवल्यावर पाठीवरचा घामाचा ठसा पाहावा. सर्व पाठ ओली असून मध्येच एखादी जागा कोरडी राहिली असेल, तर तेथे दाब फाजील आहे आणि उद्याची जखम तेथेच होणार, हे समजून खोगीर दुरुस्तीला पाठवावे.

आता खोट्या तकाकीविषयी. बाजाराच्या आदल्या रात्री घोड्याला तेल चोपडण्याची चाल सर्वत्र आहे, आणि तेलावर धूळ बसून दुसऱ्या आठवड्यात केसांचे जे होते ते नव्या मालकाने पाहायचे असते. याहून वाईट प्रकार पूर्वी युरोपात होता. ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतात एकोणिसाव्या शतकात घोड्यांना तजेला यावा म्हणून चक्क सोमल चारीत, आणि तो बंद केला की घोडा पार ढासळत असे. आपल्याकडे अजाणता होणारा अपाय सुबाभळीचा. जनावरांना उत्तम चारा म्हणून हे झाड गावोगाव लागले आणि गाईगुरांना ते बेताने चालतेही. परंतु तिच्यातील मिमोसिन या द्रव्यामुळे घोड्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडतात. शेपूट का गळते म्हणून गंडेदोरे करणाऱ्यांनी आधी गव्हाणीत पाहावे. खरी तकाकी आणणारी वस्तू म्हणून जवसाची कीर्ती जुनी आणि रास्त आहे, मात्र जवस कोमट पाण्यात भिजवून तसेच चारले तर त्यातून सायनाइड सुटण्याचा धोका असतो. खळखळ उकळत्या पाण्यात ते टाकून चांगले शिजवावे आणि मगच चंदीत मिसळावे. मूठभर जवस, हिरवा लसूणघास, भिजवलेला हरभरा बेताचा, मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी, यांपलीकडे निरोगी घोड्याच्या कातडीला फारसे काही लागत नाही.

एका बाबतीत मात्र ग्रंथकर्त्यांशी माझा मतभेद आहे आणि तो येथे नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो. खरजेवरील गावठी उपायांना त्यांनी जी सढळ मोकळीक दिली आहे, ती मला धोक्याची वाटते. गंधकाचा उपयोग खरजेवर होतो हे खरे, आणि चुना व गंधक यांचे प्रमाणशीर द्रावण आधुनिक पशुवैद्यकही वापरते. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अपाय होत नाही हेही मान्य. परंतु मोटारीचे जळके तेल किंवा रॉकेल लावण्याची जी प्रथा आपल्या खेड्यापाड्यांत आहे, तिचा त्यांनी केवळ ‘काही लोक असेही करतात’ एवढाच उल्लेख करून पुढे जावे हे योग्य झाले नाही. त्याने कातडी भाजते, ते शरीरात शोषले जाते, घोडा चाटतो, आणि खरजेचे किडे कातडीच्या आत सुखरूप राहतात. पुढील आवृत्तीत या ओळीच्या जागी स्पष्ट निषेध यावा. कोंडा, केस झडणे आणि खाज ही तीन लक्षणे दहा निरनिराळ्या रोगांत सारखीच दिसतात. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्यांचा निवाडा अनुभवी पशुवैद्यालाही करता येत नाही, मग तो आपण तेलाच्या डब्याने करू जाणे अनाठायी आहे. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना १८८६ साली झाली. सव्वाशेहून अधिक वर्षे तयार होत आलेल्या पशुवैद्यांची मदत न घेता घोडा गावठी इलाज करणाऱ्याच्या हवाली करावा असे आता राहिलेले नाही.

पुस्तकाची भाषा साधी आहे, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले आहे त्यांना ती कळेल. घोडेमालकांना माझे सांगणे एवढेच की, दर घोड्याला खरारा, ब्रश, झूल व फडके स्वतंत्र ठेवावे, नव्या घोड्याला दोन-तीन आठवडे वेगळा बांधावा, आणि मोतद्दाराला हे पुस्तक वाचून दाखवण्याआधी त्याला जे येते ते आपण त्याच्याकडून शिकून घ्यावे. ज्या वाचकांच्या दारी घोडा नाही आणि येण्याचा संभवही नाही, त्यांच्याकडूनही एक अपेक्षा आहे. माथेरानला, महाबळेश्वरला किंवा कोठल्याही चौपाटीवर भाड्याच्या घोड्यावर बसण्यापूर्वी घोडेवाल्याला खोगीर उचलायला सांगून पाठ पाहावी. ती लागलेली दिसली तर दुसरा घोडा मागावा, आणि दुसरा नसेल तर त्या दिवशी पायी जावे.